प्रकरण सतरावे : खरा आकडा

दवाखान्यातल्या सहाव्या दिवशी ताईला पुन्हा पाणी दिसायला लागलं.

दुपारी तीनची भेटीची घंटा नुकतीच वाजून गेली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या लांबट वॉर्डाच्या खिडक्यांना बारीक जाळी होती आणि तिच्यातून गाळून आलेलं ऊन पलंगांवर, पाण्याच्या तांब्यांवर, भिंतीलगत बसलेल्या माणसांवर इतकं मऊ पडत होतं, की सगळा वॉर्डच कुणाच्या तरी डुलकीत शिरल्यासारखा वाटत होता. बारकू आत आला तेव्हा ताई दवाखान्याच्या ढगळ झग्याची कड गुडघ्यांपर्यंत उचलून पलंगाच्या काठावर बसली होती. पाय अधांतरी, नजर फरशीवर.

"चपला काढून ये," ती म्हणाली. "भिजतील."

त्याने खाली पाहिलं. फरशी कोरडी ठणठणीत होती. तरी त्याने चपला काढल्या.

बावन्न वर्षांचा, पंच्याऐंशी किलो वजनाचा हा गृहस्थ घरात अजून बारकूच होता. तीन भावंडांत धाकटा. जन्मला तेव्हा एवढासा होता म्हणून ताईनेच ते नाव ठेवलं होतं आणि ताईने ठेवलेलं नाव बदलायची घरात कुणाची छाती नव्हती. ती त्याच्याहून सोळा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. तेव्हापासून आई म्हणजे ताई.

"बाबा बघ कसे बसलेत," ताई शेजारच्या पलंगाकडे पाहत म्हणाली. "पाणी चढतंय आणि हे आपले काचा पुसतायत. त्यांना सांग, खालच्या कप्प्यातली भिंगं वर ठेवा म्हणावं. मी सांगितलं तर ऐकत नाहीत."

बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. शेजारचा पलंग रिकामा होता. त्यावरच्या बाई खाली बागेत फिरायला गेल्या होत्या. पण ताईचा आवाज इतका रोजचा, इतका चष्म्याच्या दुकानातला होता, की बारकूनेही मान वळवून पाहिलं. चादरीवर जाळीची सावली हलत होती. एखादा म्हातारा खाली वाकून, भिंगावर फुंकर घालून ते पुसतोय असं वाटायला तेवढं पुरेसं होतं.

"सांगतो," तो म्हणाला.

सिस्टर औषधांची ढकलगाडी घेऊन आली. मधल्या वयाची, हळू बोलणारी बाई. तिने ताईची नाडी पाहिली, हात पुढे करायला सांगितले. दहाही बोटं थरथरत होती.

"सिस्टर, पाणी," ताई म्हणाली.

"मला नाही दिसत पाणी," सिस्टर सहज म्हणाली, ना समजूत काढल्यासारखं ना दटावल्यासारखं. "पण तुमचे पाय गार पडलेत. वर घ्या, मी पांघरूण देते. मी इथेच आहे."

ताईने मुकाट्याने पाय वर घेतले. आयुष्यात तिने इतक्या लवकर कुणाचं ऐकलेलं बारकूने पाहिलं नव्हतं.

जाताना सिस्टर त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "काल बऱ्या होत्या. आज पुन्हा वाढलंय. मी डॉक्टरांना सांगते. तुमची सगळ्यांची बैठक साडेतीनला आहे ना?"

बारकूने मान हलवली.

*

झालं होतं ते असं. बाबांच्या मागे चष्म्याचं दुकान ताईनेच सांभाळलं. काच घासून फ्रेममध्ये बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने बनवलेला चष्मा परत आला असं चाळीस वर्षांत घडलं नव्हतं. दोन आठवड्यांपूर्वी एक निवृत्त ड्रायव्हर चष्मा परत घेऊन आला. बिचारा भांडायला आला नव्हता. "बाई, हा घातला की पायरी दोनदा दिसते," एवढंच म्हणाला. ताईने पाहिलं. डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसली होती.

तिने त्याची माफी मागितली, चष्मा दुरुस्त करून दिला आणि दुपारभर आपल्या हातांकडे पाहत बसली. पुढच्या सोमवारी तिने घरातल्या सगळ्या झोपेच्या गोळ्या मोरीत ओतल्या आणि वरून बादलीभर पाणी सोडलं. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. ठरवलं म्हणजे ठरवलं. बुधवारी सकाळी काच घासायच्या यंत्रापाशी तिला आकडी आली. शेजारच्या औषधांच्या दुकानातून बारकू धावला तेव्हा ती जमिनीवर होती आणि यंत्राचं चाक तसंच फिरत होतं.

औषधांचं ते दुकान बारकूचं.

बाबा गेले त्यानंतर ताई अकरा रात्री झोपली नव्हती. बाराव्या दिवशी त्याने तिला एक गोळी दिली. कुणा डॉक्टरची चिठ्ठी नव्हती. होती ती फक्त बहिणीची दया. ती झोपली. दुसऱ्या दिवशी उठून म्हणाली, "बारकू, किती दिवसांनी बरं वाटलं." त्या एका वाक्यावर पुढची एकोणीस वर्षं गेली. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. दुकान बंद करताना तो तिच्या पिशवीत स्ट्रिप टाकायचा आणि दोघंही त्याबद्दल बोलायची नाहीत. औषधांचं शिकलेला माणूस तो, त्याला कळत नव्हतं असं नाही. पण ताईने जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. लुगडं मागितलं नाही, सुट्टी मागितली नाही, आजारपणात पेजही मागितली नाही. हे एकच ती त्याच्याकडून घ्यायची, आणि देताना त्याला, खरं सांगायचं तर, बरं वाटायचं.

दवाखान्यात पहिले दोन दिवस ताई भ्रमात होती. इंजेक्शनांनी ती शुद्धीवर आली. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "रोज किती गोळ्या घेत होतात?" बारकू पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. ताईने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी पाहुणे आले की ती त्याच्याकडे अशी पाहायची. त्या नजरेचा अर्थ एकच असायचा, तू गप्प बस.

"दोन," ती म्हणाली. "रात्री जेवल्यावर."

"कुठून आणायच्या?"

"असंच. इकडून तिकडून."

आणि बारकू गप्प बसला.

*

बैठकीची खोली कोपऱ्यात होती. गोल टेबल, पाच खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा, आणि भिंतीवर समुद्राचं एक फिकट चित्र. दादा आधीच येऊन ताठ बसला होता. हेडमास्तर म्हणून निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी कुठल्याही खोलीत तो वर्गात बसल्यासारखाच बसे. त्याच्यापुढे एक छापील कागद होता. शेजारी वहिनी, मांडीवर कंगवा आणि तेलाची छोटी बाटली घेऊन. रोज भेटीच्या वेळी ती ताईचे केस विंचरायला यायची. गेली तीस वर्षं या नणंद-भावजयींचं एकमेकींशी कामापुरतंच बोलणं होतं. त्यामुळे पहिल्या दिवशी ती कंगवा घेऊन निघाली तेव्हा दादाला वाटलं, चुकून घेतला असेल.

डॉक्टरीणबाई आल्या. पस्तिशीच्या, थकलेल्या डोळ्यांच्या. बसल्याबरोबर मुद्द्यावर आल्या.

"ताईंची तब्येत पुन्हा बिघडतेय. या गोळ्या एकदम बंद केल्या की मेंदू खवळतो. म्हणून आम्ही त्याच जातीचं, सावकाश उतरणारं औषध देतो आणि ते एकेक पायरी कमी करत नेतो. पण सुरुवात कुठल्या पायरीवरून करायची ते रोजच्या गोळ्यांवर ठरतं. रोजच्या दोनच असतील, तर आज हे व्हायला नको होतं. गणित जुळत नाही. दुसरं काही असेल म्हणून मेंदूचा फोटो काढला, तोही स्वच्छ आला. आणखी तपासण्या कराव्या लागतील. मुक्काम लांबेल."

"मुक्कामाचंच बोलायचंय," दादा म्हणाला. "आम्ही तिला घरी नेतो. स्वतःच्या जबाबदारीवर. हा कागद तुमच्याच कचेरीतून आणलाय. आम्ही तिघं सह्या करतो."

"आत्ता नेणं धोक्याचं आहे."

"डॉक्टर, तुम्ही लहान आहात म्हणून स्पष्ट बोलतो. चाळीस वर्षं अख्ख्या गावाने तिच्या हातचे चष्मे घातलेत. ती या मनोरुग्णांच्या मजल्यावर आहे हे बाहेर कळलं तर उद्या कोण तिच्या दुकानात पाय ठेवेल? झाकली मूठ सव्वा लाखाची. घरी विश्रांती मिळाली की होईल ठीक."

"मूठ झाकलेलीच होती," वहिनी म्हणाली. "म्हणून तर इथवर आलो."

दादाने मान वळवली. चारचौघांत वहिनी त्याच्या वाक्यावर वाक्य टाकत नसे.

"अहो, तुम्ही झोपलात की घोरता. मी जागी असते," ती पुढे म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आपल्या खोलीखाली वन्संची खोली. पहाटेपर्यंत फेऱ्या मारायच्या. मग पाण्याचा पेला वाजायचा, मग सगळं शांत. वर्षानुवर्षं ऐकलं मी. एकदा तरी खाली जाऊन विचारायचं होतं. आमचं बोलणं नव्हतं ना, म्हणून नाही गेले. स्वयंपाकघरातलं कुठलं तरी भांडण, आता काय झालं होतं तेही आठवत नाही." तिने कंगवा टेबलावर ठेवला. "मी सही करणार नाही. त्या इथेच राहतील."

"हा घरचा प्रश्न आहे."

"मी घरचीच आहे."

दादाने कागद सरकवून बारकूपुढे ठेवला आणि खिशातलं पेन काढून त्यावर आडवं ठेवलं.

"तू कर. मग ही करेल."

बारकूने पेन उचललं. सही केली की संपलं. ताई घरी येईल, तो तिला पुरेशा गोळ्या देईल, थरथर थांबेल, पाणी ओसरेल, सगळं पूर्वीसारखं. हा विचार इतका गोड, इतका गुंगी आणणारा होता, की आपणही काहीतरी घेतलंय असं त्याला वाटलं. खिडकीबाहेर एक पक्षी जाळीला चोच लावून आत पाहत होता. त्याच्या मागे आभाळ हलत नव्हतं. काहीच हलत नव्हतं.

"घरी पुन्हा आकडी आली तर?" त्याने डॉक्टरांना विचारलं.

"मागची सव्वा मिनिटाची होती. पुढची किती वेळाची असेल सांगता येत नाही. काही वेळा ती थांबतच नाही."

बारकूने पेन ठेवलं.

"आठ," तो म्हणाला.

"काय आठ?"

"दोन नाही. आठ घ्यायची. सकाळी दोन, दुपारी दोन, रात्री चार. दोन वर्षं झाली. त्याआधी सहा." शब्द एकामागून एक निघाले, जसे काही कितीतरी दिवस दाराशी रांग लावून उभे होते. "मला माहीत आहे, कारण मी देत होतो. माझ्या दुकानातून. चिठ्ठीशिवाय. एकोणीस वर्षं. त्या दिवशी ती दोन म्हणाली ते मला वाचवायला."

डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "कुठली गोळी? ताकद किती?" त्याने नाव सांगितलं, ताकद सांगितली. त्यांनी ते लिहून घेतलं आणि त्या लगेच उठल्या.

"तुमच्या दुकानाचं काय व्हायचं ते तुम्ही आणि औषध खात्याचे लोक बघा. मला हा आकडा हवा होता. आता औषध बदलता येईल." दारापाशी थांबून त्या म्हणाल्या, "आज सांगितलंत हे बरं झालं. परवा सांगायला हवं होतं."

दार लागलं. दादाने समुद्राच्या चित्राकडे तोंड फिरवलं.

"आपलेच दात, आपलेच ओठ," तो म्हणाला. "तुला शिकवलं कुणी, माहीत आहे ना? स्वतःचं आयुष्य बाजूला ठेवून? आणि तू तिला हे पाजत होतास."

"हो."

"दुकान जाईल तुझं. बाबांचं नाव जाईल."

"जाईल तर जाईल, दादा."

दादाचा हात उठला. तो मारेल असं बारकूला वाटलं, आणि मारलं तर बरं होईल असंही वाटलं. पण त्या हाताने नुसता तो छापील कागद उचलला, त्याची एक घडी घातली, दुसरी घातली आणि तो खिशात टाकला. मग या पासष्ट वर्षांच्या हेडमास्तरांना आपला चेहरा कुठे ठेवावा ते कळेना. वहिनीने रुमालांचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

"मला का नाही सांगितलंत रे दोघांनी?" तो रुमालाआडून म्हणाला. "मीही भाऊच आहे ना तिचा."

*

औषध बदललं आणि दोन दिवसांत पाणी ओसरलं. बाबाही गेले. तिसऱ्या दिवशी ताई उशीला टेकून बसली होती, अंगात अशक्तपणा, पण डोळे स्वच्छ. बारकू गेला तेव्हा वहिनी तिच्या केसांना तेल लावत होती. त्याला पाहून तिने बाटलीचं बूच लावलं.

"भावोजी, बसा. मी जरा बाहेर जाते."

ताई त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "डॉक्टर म्हणाल्या, तू सांगितलंस."

"हो."

"मी दोन म्हटलं होतं."

"दोनावर मेली असतीस, ताई."

"ते माझं मी बघितलं असतं." तिने खिडकीकडे तोंड केलं. "तुला वाढवताना एकच ठरवलं होतं मी, याच्यावर माझ्यामुळे काही यायला नको. एवढंही तू मला करू दिलं नाहीस. जा आता."

तो गेला. दुसऱ्या दिवशी परत आला. ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तो भेटीचे दोन तास पलंगाजवळच्या लोखंडी स्टुलावर बसायचा, घंटा झाली की उठायचा. दरम्यान त्याने औषध खात्याच्या कचेरीत जाऊन स्वतःच्या हाताने सगळं लिहून दिलं. दुकानाला सहा महिन्यांसाठी टाळं लागलं. शेजारपाजारी कुजबुजले, मग थोडे मोठ्याने बोलले, मग त्यांना दुसरं काही सापडलं. दादाच्या तोंडून त्यावर चकार शब्द निघाला नाही. तो मात्र रोज संध्याकाळी चष्म्याचं दुकान उघडून दोन तास बसू लागला. काच घासता यायची नाही. येणाऱ्याला सांगायचा, "ताई दवाखान्यात आहे. झोपेच्या गोळ्यांची सवय सोडतेय. वेळ लागेल. थांबाल का?" पहिल्यांदा हे वाक्य बोलताना त्याचे कान लाल झाले होते, असं वहिनीने सांगितलं. बहुतेक लोक थांबायला तयार झाले.

तीन आठवडे असे गेले. डॉक्टर औषध पायरीपायरीने उतरवत होत्या. प्रत्येक पायरीला ताईच्या दोन-तीन रात्री उघड्या डोळ्यांनी जायच्या आणि दिवस धुक्यातून चालल्यासारखे. झोप येतेय असं वाटायचं आणि ती उंबऱ्यावरूनच परत जायची. चौथ्या आठवड्यातल्या एका दुपारी बारकू नेहमीसारखा स्टुलावर बसला होता. वॉर्ड पेंगत होता. कुणीतरी टेबलावर एकट्याने पत्ते मांडत होतं, त्यांचा हळू फटफट आवाज येत होता.

"माझं एवढंच होतं तुझ्याकडून घ्यायचं," ताई अचानक म्हणाली. पंचवीस दिवसांत पहिल्यांदा. "आता काय मागू तुझ्याकडे?"

"काहीही माग."

तिने बराच वेळ विचार केला. मागायची सवय नसलेल्या माणसाला सुचायला वेळ लागतो.

"नखं वाढलीत," ती म्हणाली. "माझा हात अजून हलतो. मला कापता येत नाहीत."

तो सिस्टरकडे गेला. तिने कुलपातून नेलकटर काढलं, वहीत नोंद केली आणि स्वतः येऊन दोन पावलांवर उभी राहिली. तसा तिथला नियमच होता. बारकूने स्टूल पुढे ओढलं आणि ताईचा डावा हात आपल्या गुडघ्यावर घेतला. अंगठ्यावर काचेचे जुने बारीक ओरखडे होते. हात थरथरत होता. तो थरथर ओसरायची वाट पाहायचा, मग कापायचा. पुन्हा थांबायचा, पुन्हा कापायचा. घाई कसलीच नव्हती.

"लहानपणी तू हात ओढून घ्यायचास," ती म्हणाली. शब्द जड येत होते.

"तू खोल कापायचीस."

"खोटारडा."

करंगळीपर्यंत आला तेव्हा थरथर बरीच कमी झाली होती. त्याला बरं वाटलं. उजवा हात घ्यायला त्याने वर पाहिलं. ताईची मान उशीवर कलली होती, तोंड किंचित उघडं होतं, श्वास लांब आणि संथ. त्याने घाबरून सिस्टरकडे पाहिलं.

सिस्टर पुढे आली, वाकून पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे नजर टाकली.

"झोपल्यात," ती कुजबुजली. "पुढची गोळी संध्याकाळी आहे. ही त्यांची स्वतःची झोप आहे."

तिने हात पुढे केला, बारकूने नेलकटर परत दिलं. उजव्या हाताची पाच नखं तशीच राहिली होती. तो ताईचा डावा हात गुडघ्यावर घेऊन बसून राहिला. हलला तर जाग येईल म्हणून त्याने खाजणारं नाकही खाजवलं नाही. पाच वाजता भेट संपल्याची घंटा झाली. इतर माणसं खुर्च्या सरकवून, पिशव्या उचलून निघाली. सिस्टर त्याच्याजवळून गेली, थांबली, आणि काही न बोलता पुढे निघून गेली.